किमान वेतन वाढवावे का? तासाचा दर आणि हातात येणारी कमाई

धागाकर्ती

अकुशल कामगारांचे किमान वेतन वाढवलेच पाहिजे आणि ते महागाईच्या निर्देशांकाशी कायद्यानेच जोडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आवर्जून लिहावे, विशेषतः ज्यांना दर महिन्याला स्वतः पगार वाटावे लागतात त्यांनी.

निर्देशांकाचा आग्रह का, ते आधी सांगते. अमेरिकेत संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ मध्ये ताशी ७.२५ डॉलर झाले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ते तिथेच थांबले. अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून वर नेले; जिथे नेले नाहीत, तिथल्या कामगाराचा आकडा तोच राहिला आणि त्या आकड्यात भागणाऱ्या गरजा मात्र कमी होत गेल्या. कोणी ठराव मांडला नाही, कोणी मतदान केले नाही, तरी वेतनकपात झाली.

दुसरे म्हणजे, ‘अकुशल’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. रुग्णालयाच्या जिन्यात रक्त सांडले असेल तर ते आधी कशाने टिपायचे, जंतुनाशक किती पाण्यात घालायचे, आणि पाचच मिनिटांत तिथून स्ट्रेचर जाणार असेल तर फरशीची कोणती बाजू आधी कोरडी करायची, हे जिला न सांगता कळते, तिची नोंद आपण ‘अकुशल’ या रकान्यात करतो. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही एवढाच त्याचा अर्थ आहे.

१९०७ साली ऑस्ट्रेलियात कापणीयंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल मजुरासाठी दिवसाला ७ शिलिंग हे वाजवी वेतन ठरवले. ते ठरवताना त्यांनी मालकाचा नफा मोजला नाही, तर सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून राहणाऱ्या मजुराला बायकामुलांसह जगायला काय लागते, याचा हिशेब केला. (त्या हिशेबात कमावती बाई धरलेलीच नव्हती आणि त्याची किंमत तिथल्या स्त्रियांनी पुढे फार काळ मोजली, हेही विसरता कामा नये.) ज्या कायद्याखाली तो खटला चालला तो पुढच्याच वर्षी घटनाबाह्य ठरला, पण वेतन मोजण्याची ती रीत तिथल्या लवादांनी अनेक दशके चालवली. माझा आग्रह त्याच रीतीचा आहे: सुरुवात माणसाच्या गरजेपासून व्हावी.

लघुउद्योजक

आपला आग्रह मला समजतो, पण हिशेबाची दुसरी बाजू आपण अजिबात मांडलेली नाही, म्हणून लिहितो.

माझ्याकडे सुट्या भागांची जुळणी करून ते खोक्यांत भरण्याचे काम चालते आणि चौदा माणसे आहेत. माल घेणारी कंपनी वर्षाच्या सुरुवातीला एका खोक्याचा दर ठरवते आणि तो वर्षभर बदलत नाही. माझ्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा मजुरीचा आहे. वर्षाच्या मध्येच किमान वेतन पाचव्या हिश्शाने वाढले तर तो फरक मी ग्राहकाकडून वसूल करू शकत नाही, कारण माझा ग्राहक एकच आहे आणि त्याला माझ्यासारखे दहा जण मिळतात.

अशा वेळी मी काय करतो? मालक लगेच माणसे काढतात असे लोक समजतात. मी आजवर एकालाही काढलेले नाही, कारण शिकलेला हात गमावणे मलाच महाग पडते. पण जो स्वतःहून सोडून जातो त्याच्या जागी मी नवा माणूस घेत नाही, आणि घेतलाच तर आधी कुठेतरी काम केलेला घेतो. पूर्वी माझ्या दारात येणारा, शाळा अर्धवट सुटलेला, खोके नीट बांधायलाही तीन आठवडे घेणारा पोरगा मी ठेवून घेत असे; त्या तीन आठवड्यांचा तोटा मला पेलत होता. आता तो पेलत नाही. त्या पोराची नोकरी ‘गेली’ असे कोणत्याही नोंदीत दिसणार नाही, कारण ती त्याला कधी मिळालीच नाही.

गरिबाचे उत्पन्न वाढवणे ही साऱ्या समाजाची जबाबदारी असेल, तर तिचा भार त्याला काम देणाऱ्या एकट्यावरच का? अमेरिकेत १९७५ पासून कमी पगारावर राबणाऱ्या कुटुंबांना करव्यवस्थेतून पूरक रक्कम मिळते. तो भार सर्व करदाते वाहतात, आणि मला तोच मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

वरचे दोन्ही प्रतिसाद प्रामाणिक आहेत, आणि या विषयावरचे संशोधन नेमके या दोहोंच्या मध्ये अडकून राहिलेले आहे.

पाठ्यपुस्तकातली मांडणी लघुउद्योजक म्हणतात तशीच आहे: मजुरी महाग झाली की तिची मागणी घटते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४६ मध्ये ती अतिशय स्पष्टपणे मांडली. या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९९४ मध्ये. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सुमारे चारशे फास्ट फूड दुकानांत वाढीच्या आधी आणि नंतर किती माणसे कामाला होती ते विचारले, आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगाराच्या नोंदी वापरून उलट निष्कर्ष काढला. वाद आजही मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, तरी तेवढ्याने तो मिटत नाही.

नोकऱ्या घटत नाहीत याचे एक स्पष्टीकरण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच दिलेल्या कल्पनेत सापडते. परिसरात काम देणारे मोजकेच असतील, दुसरीकडे जायला मजुराजवळ वेळ, वाहन, ओळख यांपैकी काहीच नसेल, तर मजुरी घासाघिसीतून ठरत नाही. ती मालक ठरवतो, आणि मजूर जेवढी कमाई करून देतो तिच्यापेक्षा ती बरीच खाली राहू शकते. तिथे कायद्याने मजुरी थोडी वर ढकलली तर कपात नफ्यात होते, माणसांत होत नाही. जर्मनीने १ जानेवारी २०१५ रोजी ताशी ८.५० युरो हे देशव्यापी किमान वेतन प्रथमच लागू केले, तेव्हा मोठ्या बेरोजगारीचे इशारे देण्यात आले होते. ती आली नाही. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की कमी पगाराचे अनेक कामगार लहान, कमी उत्पादक आस्थापनांतून अधिक चांगल्या आस्थापनांत गेले. लघुउद्योजकांना यात दिलासा नाही, हे मला कळते. देशाच्या आकड्यांत जे ‘स्थलांतर’ म्हणून दिसते, ते एखाद्या लहान मालकाच्या दृष्टीने कुलूप असू शकते.

मात्र त्यांनी सांगितलेला तो पोरगा आकड्यांतही सापडतो. सिअॅटल शहराने दर ११ वरून १३ डॉलरपर्यंत नेल्यानंतर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की कमी पगाराच्या कामांतला ताशी दर सुमारे ३ टक्के वाढला, पण कामाचे तास सुमारे ९ टक्के घटले. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना त्याच शहरातल्या उपाहारगृहांत तशी घट आढळली नाही. पुढे वॉशिंग्टनच्याच गटाने एकेका कामगाराचा माग काढला तेव्हा आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी लोकांचा फायदा झालेला दिसला, आणि नव्याने शिरणाऱ्यांची संख्या मात्र कमी झालेली होती.

सामूहिक करार

सरकारने आकडा ठरवणे हाच मुळात चुकीचा मार्ग आहे, असे माझे म्हणणे आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही. कामगार संघटना आणि मालक संघटना क्षेत्रनिहाय करार करतात, आणि तिथला साधा कामगार कायद्याचे संरक्षण असलेल्या अनेक देशांतल्या कामगारापेक्षा चांगले कमावतो. आकडा सरकारकडे गेला की तो निवडणुकीच्या हिशेबाने वाढतो किंवा गोठतो.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेत २०२५ पर्यंत १५ डॉलरचा दर करण्याच्या प्रस्तावावर तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जुलै २०१९ मध्ये अंदाज दिला: १ कोटी ७० लाख लोकांचे वेतन वाढेल, सुमारे १३ लाख लोक दारिद्र्यरेषेच्या वर येतील आणि मधल्या अंदाजाने १३ लाख लोकांच्या नोकऱ्या जातील. ज्यांच्या नोकऱ्या जातील त्यांना विचारून हा सौदा कोणी केला आहे का?

धागाकर्ती

त्याच अहवालात नोकऱ्या जाण्याचा पल्ला जवळजवळ शून्यापासून ३७ लाखांपर्यंत दिलेला आहे, तेव्हा मधला आकडा हा अंदाज आहे, घडलेली गोष्ट नव्हे. पण आपला प्रश्न मी टाळणार नाही. नाही, त्यांना कोणी विचारलेले नाही. तसेच, दर गोठवून ठेवताना बाकीच्या १ कोटी ७० लाखांनाही कोणी विचारले नव्हते. सामूहिक करार मला मान्य आहेत, पण ते करायला आधी मजबूत संघटना लागते, आणि घरोघरी किंवा कंत्राटदारामार्फत विखुरलेल्या कामगारांकडे नसते ती नेमकी हीच गोष्ट.

हजेरीपट

मी आठ वर्षे साफसफाईच्या कंत्राटात हजेरी लिहीत होतो. वर विद्यार्थ्याने तास घटल्याचा जो आकडा दिला, तो माझ्या वहीत कसा उतरला ते सांगतो.

आमच्याकडे एका इमारतीला बारा बायका होत्या, पाळी आठ तासांची आणि प्रत्येकीकडे दोन मजले. किमान वेतन वाढल्याचे परिपत्रक आले त्याच महिन्यात कंत्राटदाराने मला नवी वही दिली. तिच्यात वेळेचा रकाना ‘सात ते तीन’ ऐवजी ‘सात ते एक’ असा छापून आला होता. मजले तेच होते, त्यामुळे जे काम आठ तासांत होत होते ते सहा तासांत उरकायचे होते. बायका चहाची सुट्टी घेईनाशा झाल्या. एक जण तर पावणेसातलाच येऊन बादल्या भरून ठेवू लागली, आणि ती पंधरा मिनिटे वहीत लिहायला रकानाच नव्हता. दर पाचव्या हिश्शाने वाढला होता आणि तास चौथ्या हिश्शाने घटले होते, म्हणजे आधी शंभर मिळत असतील तर आता नव्वद. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ताशी दर पाहिला, तो कायद्याप्रमाणे होता, आणि त्याने सही केली.

म्हणून वेतनवाढीला माझा विरोध नाही, ती हवीच आहे. पण तिच्याबरोबर पाळीचे किमान तास आणि एका माणसामागे कामाचे प्रमाण, या दोन गोष्टी त्याच आदेशात लिहिल्या गेल्या नाहीत तर वाढ वहीतच जिरते.

लघुउद्योजक

हजेरीपट यांनी लिहिलेले वाचून मी थोडा वेळ थांबलो. तास कापण्याचा मार्ग माझ्याही मनात येऊन गेला होता, हे मी कबूल करतो.

माझी हरकत वाढीपेक्षा तिच्या आकस्मिकपणाला अधिक आहे. ब्रिटनने १ एप्रिल १९९९ पासून ताशी ३.६० पौंड हा दर लागू केला, तेव्हा मालक, कामगार संघटना आणि स्वतंत्र अभ्यासक अशा तिन्ही बाजूंचा आयोग आधीच बसवलेला होता. सुरुवात जपून केली, तरुणांसाठी वेगळा, कमी दर ठेवला आणि पुढची वाढ दरवेळी अभ्यासून सुचवली. पुढच्या वर्षीचा दर मला सहा महिने आधी कळला आणि माल घेणाऱ्या कंपनीला तो फरक खोक्याच्या दरात देणे कायद्याने भाग पडले, तर मी विरोध करणार नाही. मात्र शिकाऊ माणसासाठी पहिल्या काही महिन्यांचा वेगळा दर हवा, यावर मी ठाम आहे.

धागाकर्ती

कंत्राटाच्या दरात वेतनवाढ आपोआप धरली जावी, ही आपली मागणी मी माझ्या मागणीत जोडून घेते. ती मला सुचली नव्हती. टप्प्यांची वाढही मान्य. किमान तासांचे कलम मी पहिल्या मजकुरात लिहायला हवे होते. शिकाऊ दराला मात्र माझी संमती नाही, कारण ‘शिकाऊ’ हा शिक्का पुसायची तारीख कोण पाळून घेणार? तारीख आदेशात छापलेली असेल आणि ती उलटताच पूर्ण दर आपोआप लागू होणार असेल, तरच मी फेरविचार करीन.

हजेरीपट, एक विचारायचे आहे. हातात कमी पडू लागल्यावर त्या बाराजणींपैकी कोणी जुना दर परत मागितला का?

हजेरीपट

नाही. त्यांनी दोन तास परत मागितले. अर्ज मीच लिहून दिला होता. त्यावर अकरा अंगठे आणि एक सही होती. उत्तर आले नाही.