नोटीस लागली: स्मार्ट मीटरला नकार देता येतो का, आणि बसवताना काय पाहायचं?

तीन_किलोवॅट
इमारतीतले जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसणार आहेत. नकार देता येतो का? प्रीपेड घ्यावंच लागतं का? आणि नंतर युनिट वाढले तर मीटर जोरात पळतोय का, हे घरी कसं ओळखायचं? जोडणी सिंगल फेज.

कलम_५५
मीटर आणि प्रीपेड हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार मीटरशिवाय पुरवठा नाही, आणि मीटर कोणता ते केंद्रीय वीज प्राधिकरणाचे नियम ठरवतात. त्यामुळे नकार टिकणं कठीण.

प्रीपेडचं म्हणाल, तर केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस (वीज वितरण सुधारणेच्या) योजनेत ते अपेक्षित आहे. महाराष्ट्रात मात्र सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही, असं सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं. तोच मीटर प्रीपेड आणि पोस्टपेड दोन्ही पद्धतींत चालतो, बदल दुरून करता येतो. तेव्हा निश्चिंत राहू नका. प्रीपेड झालंच तर कलम ४७(५) प्रमाणे सुरक्षा ठेव मागता येत नाही.

जून २०२३ ची ग्राहक हक्क नियमांतली दुरुस्तीही लक्षात ठेवा. नव्या मीटरवर जास्त मागणी (एका वेळी ओढलेला सर्वाधिक भार) दिसली म्हणून मागच्या काळाचा दंड लावता येत नाही. मंजूर भार वाढवायचा, तर आर्थिक वर्षात तो किमान तीनदा ओलांडलेला हवा.

पल्स३२००
मीटरवर एका युनिटला किती पल्स (लाल दिव्याच्या उघडझापी) ते छापलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून २००० वॅटचा गिझर थंड पाण्यावर ५ मिनिटं चालवा आणि लाल दिव्याची उघडझाप मोजा. साधारण ५३३ यायला हवी. पण २३० ऐवजी २१० व्होल्ट असतील तर तोच गिझर १६७० वॅटच्या आसपास ओढतो आणि पल्स ४४५ च्या घरात येतात. दीडपट-दुप्पट फरक यात पकडता येतो, दोन टक्क्यांचा नाही.

खरी गोम कधीकधी न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत असते. जुना चकतीचा मीटर फक्त फेजचा (वीज आत आणणाऱ्या तारेचा) करंट मोजायचा. नवा दोन्ही तारांचा मोजतो आणि जो जास्त तो धरतो. डक्टमध्ये (इमारतीतल्या तारांच्या मार्गात) दोन घरांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असले तर शेजारच्या एसीचा परतीचा करंट तुमच्या खात्यात! तपासायला मेन चालू ठेवून आतले सगळे एमसीबी (छोटे स्वयंचलित स्विच) पाडा. दिवा तरीही लुकलुकला तर डबल-पोल मेन (दोन्ही तारा तोडणारा मुख्य स्विच) पाडा. आता थांबला, तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये. तरीही चालूच, तर मीटर ते मेन यांच्यामध्ये किंवा मीटरमध्येच. मीटरचं सील मात्र तोडू नका, वीजचोरीचा संशय येतो.

मीटररूम
त्याआधी मीटर तुमचाच आहे ना, ते बघा. एकाच दिवशी वीस-पंचवीस मीटर बदलले की दोन फ्लॅटच्या आउटगोइंग (मीटरमधून घरात जाणाऱ्या) तारांची अदलाबदल सहज होते. घरातला मेन पाडा आणि खाली कोणत्या मीटरचा दिवा थांबतो ते पाहा. मीटर क्रमांक बिलाशी जुळवा.

बसवताना जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा, नव्याच्या सुरुवातीच्या रीडिंगचा आणि सील क्रमांकांचा फोटो घ्या. मीटर बदली अहवाल कोरा असेल तर सही नको. पहिल्या बिलात जुन्या आणि नव्या मीटरचे युनिट वेगवेगळे दाखवलेत का ते तपासा.

तक्रार करायची तर लेखीच करा. ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर लावून किमान ३ महिने वापर ताडून पाहायचा असतो. अर्जात त्या नियमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.