स्टिअरिंगची थरथर आणि पार्किंग सेन्सरचे खोटे इशारे: ‘या मॉडेलमध्ये एवढे असतेच’ असे सांगितल्यावर काय करावे?

घाटवाटा (सातारा)

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे मध्यम आकाराची, पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली डिझेल एसयूव्ही आहे आणि तिची वॉरंटी अजून संपलेली नाही. सातारा–पुणे हा रस्ता नेहमीचा आहे, आणि महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जाणेही बरेचदा होते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला दोष शोधायचा आहे, कोणाची बदनामी करायची नाही.

पहिला त्रास स्टिअरिंगचा आहे. ताशी ८० पर्यंत गाडी शांत असते, ९० च्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरू लागते आणि १०० ला ती थरथर पुढच्या सीटपर्यंत जाणवते. घाट उतरताना ब्रेक दाबल्यावरही हादरे बसतात, पण ते निराळे वाटतात. त्यांचा ठेका पेडलमध्येही येतो. दुसरा त्रास पार्किंग सेन्सरचा. पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर रिव्हर्स टाकला की मागे काहीही नसताना सलग इशारा वाजत राहतो, कधी डॅशबोर्डच्या पडद्यावर यंत्रणा बंद असल्याचा संदेश येतो, आणि गाडी वाळली की सगळे आपोआप पूर्ववत होते. याहून गंभीर बाब अशी की कधी कधी मागे खरोखर दुचाकी उभी असतानाही इशारा फार उशिरा वाजतो. आमच्या सोसायटीच्या आवारात मुले खेळत असतात, त्यामुळे मला या दोषाची भीती वाटते.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करतात, सॉफ्टवेअर अपडेट केल्याचे सांगतात आणि शेवटी ‘या मॉडेलमध्ये एवढे असतेच’ असे म्हणून गाडी परत देतात. हे दोन्ही दोष एकमेकांशी निगडित असू शकतात का, आणि त्यांच्याकडून नेमकी कोणती तपासणी मागून घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

घाटवाटा, नमस्कार. सस्पेन्शन आणि ब्रेक हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून स्टिअरिंगपुरते सविस्तर लिहितो.

आपण वेगात येणारी थरथर आणि ब्रेक दाबल्यावर येणारे हादरे वेगवेगळे नोंदवले, हे फार महत्त्वाचे आहे, कारण या दोन्हींची कारणे बहुतेक वेळा भिन्न असतात आणि सर्व्हिस सेंटरच्या कागदावर मात्र दोन्ही ‘व्हायब्रेशन’ या एकाच शब्दात कोंबली जातात. तिसराही एक प्रकार असतो. ब्रेक न लावता, जोर देऊन वेग वाढवताना गाडीचे नाक डावी-उजवीकडे हलल्यासारखे वाटले आणि पाय काढताच थांबले, तर ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, आतल्या जॉइंटकडे पाहावे लागते. आपल्या वर्णनात तसे दिसत नाही, पण एकदा खात्री करून घ्या.

ठराविक वेगालाच थरथर का येते, तर आपल्या आकाराच्या गाडीच्या टायरचा परीघ साधारण २.३ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर, म्हणजेच चाक सेकंदाला जवळपास १२ वेळा फिरते. चाक, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि सस्पेन्शनचा खालचा भाग यांची स्वतःची हलण्याची गती साधारण याच टप्प्यात असते, म्हणून चाकातला लहानसा दोषही तिथे मोठा होऊन हातात येतो. बॅलन्सिंग करूनही तो गेला नसेल, तर वजनाखेरीज दुसरे कारण आहे असे समजावे. बॅलन्सिंगचे यंत्र चाकाचे वजन कुठे जास्त आहे ते सांगते, पण टायर गोल आहे का, त्याच्या आतला पट्टा कुठे सुटला आहे का, किंवा अलॉय रिम खड्ड्यात आपटून वाकली आहे का, हे साधे यंत्र आपणहून सांगत नाही. ते चाक फिरत असताना कडेला गेज लावून पाहावे लागते. काही ठिकाणी टायरवर रोलर दाबून त्याचा कडकपणा सर्व बाजूंनी सारखा आहे का हे तपासणारे यंत्र असते. ते जवळपास उपलब्ध असेल तर जरूर करून घ्या.

त्याआधी एक बिनखर्चाची चाचणी करावी. पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर गाडी चालवावी. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली आली, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे; स्टिअरिंगमध्येच राहिली, तर हब, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक) पाहावेत. अलाइनमेंटविषयी एक स्पष्ट सांगतो: अलाइनमेंट चुकली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात, पण केवळ तिच्यामुळे अशी थरथर सहसा येत नाही. त्यामुळे दर वेळी अलाइनमेंट करून देणे हा या तक्रारीवरचा उपाय होत नाही. बाजारातून निराळे अलॉय बसवले असतील तर मधले भोक हबवर घट्ट बसते का हेही पाहा. ते मोठे असेल तर चाक केवळ नटांच्या आधाराने मध्यावर धरले जाते आणि किंचित सरकून बसते.

आता ब्रेकचे हादरे. ‘डिस्क वाकडी झाली’ असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाडीत ०.०२ मिलिमीटर इतका फरकही पेडलमध्ये जाणवू शकतो. हा फरक कसा पडतो ते समजले की पुढचे सगळे लक्षात येते. हबच्या तोंडावर गंज असेल, किंवा चाकाचे नट एअर गनने कमी-जास्त आवळले असतील, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा एक भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटत राहतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे झीज होते. म्हणूनच नवी डिस्क टाकून गाडी बरी होते आणि काही महिन्यांनी तोच त्रास परत येतो, कारण हब कोणी साफ केलेला नसतो. माझा आग्रह असा की डिस्क बदलायची वेळ आली, तर हबचे तोंड घासून, डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क बाजूला किती डोलते ते, मोजल्याशिवाय आणि तो आकडा कागदावर घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. मर्यादा गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेत दिलेली असते. ती बहुधा मिलिमीटरच्या शतांशांत असते. नट शेवटी टॉर्क रेंचनेच आवळलेले असावेत.

नादमापक (चिंचवड)

मी मापन उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे सेन्सरबद्दल लिहितो.

बंपरमधील हे गोल सेन्सर माणसाला ऐकू न येणारा, साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. वस्तू एक मीटरवर असेल तर ध्वनी जाऊन यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा सेन्सरचा पातळ पडदा एकच असतो. ध्वनी सोडल्यावर तो पडदा क्षणभर थरथरत राहतो, आणि ती थरथर विरल्यानंतरच त्याला प्रतिध्वनी ऐकू येतो. पडद्यावर चिखल किंवा पाण्याचा जाड थेंब बसला की ही थरथर लांबते आणि यंत्रणेला वाटते की अगदी जवळ काहीतरी आहे. आपल्या सलग वाजणाऱ्या इशाऱ्याचे हे एक कारण असू शकते. पण तेवढेच असते तर सेन्सर पुसल्यावर इशारा थांबायला हवा. पुसूनही तो थांबत नसेल आणि गाडी पूर्ण वाळल्यावरच थांबत असेल, तर पाणी आत, म्हणजे बंपरमागच्या कनेक्टरमध्ये शिरत आहे, असा माझा अंदाज आहे. तिथे पिनांवर हिरवट थर धरतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअर अपडेटने जात नाही.

कोणता सेन्सर बिघडला आहे हे घरीही पाहता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे, रिव्हर्स टाकावा आणि प्रत्येक सेन्सरवर हलके बोट ठेवावे. चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते, मेलेल्याची जाणवत नाही. ऑटोमॅटिक गाडीत मात्र हे करताना दुसरी व्यक्ती ब्रेकवर पाय ठेवून आत बसलेली असावी.

दुचाकीसमोर इशारा उशिरा वाजणे मात्र मला अधिक चिंताजनक वाटते. बंपरला पूर्वी रंगकाम झाले आहे का? सेन्सरच्या पडद्यावर रंगाचा जाड थर चढला, तर त्याचे कंपन बदलते आणि त्याला दूरचे ऐकू येईनासे होते. काम करताना भोवतालची रबरी रिंग नीट बसली नाही, तर सेन्सर जमिनीकडे किंवा आकाशाकडे पाहू लागतो. बारीक खांब, दुचाकीचे हँडल आणि अंगावर जाड कपडे घातलेला माणूस यांच्याकडून प्रतिध्वनी मुळातच कमी परततो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दोन्ही दोषांचा संबंध विचारलात. कमकुवत बॅटरी किंवा सैल अर्थिंग असेल, तर गाडी लावताना इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर बराच विद्युतप्रवाह ओढते, व्होल्टेज खाली जाते आणि स्टिअरिंग व पार्किंग अशा दोन्ही यंत्रणांचे इशारे एकदम दिसू शकतात. परंतु ताशी १०० ला येणारी आपली थरथर यात बसत नाही. माझ्या मते हे दोन स्वतंत्र दोष आहेत.

घाटवाटा

दोघांचेही मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टींची उत्तरे देतो. अलॉय कंपनीचेच आहेत. जोर देऊन वेग वाढवताना वेगळे काही जाणवत नाही. बंपरचे म्हणाल तर गेल्या वर्षी मागून एका टेम्पोचा धक्का बसला होता आणि विम्यातून डेंटिंग-पेंटिंग झाले होते. सेन्सरचा त्रास त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झाला. त्याच धक्क्यात पुढची उजवी रिम दुभाजकाला घासली होती, तिच्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही.

टेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

इथल्या एसयूव्ही मालकांची एक तक्रार वेगळी नोंदवून ठेवतो, कारण ती वरच्या तीन प्रकारांत मोडत नाही. थंडीत, रुंद उन्हाळी टायर असलेल्या चार-चाकी ड्राइव्हच्या गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी लावताना पुढची चाके टप्पे घेत उड्या मारल्यासारखी सरकतात. पूर्ण वळणावर दोन्ही पुढच्या चाकांचे कोन वर्तुळाशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि थंडीत कडक झालेले रबर तो फरक सामावून न घेता घसरते. हिवाळी टायर घातले की हे बरेच कमी होते. सातारच्या हवेत याचा संभव कमी आहे.

कायद्याच्या बाबतीत मात्र इथला ग्राहक अधिक सुरक्षित आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष मुळात होताच असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तो नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. भारतात तो भार मुख्यतः ग्राहकावर पडतो असे ऐकतो. कोणी जाणकाराने लिहावे.

कायदेवाचक (पुणे)

टेम्सकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच घाटवाटा यांनी आजपासून कागद सांभाळणे आवश्यक आहे. ‘व्हायब्रेशन चेक केले, ओके’ अशा जॉब कार्डावर (तक्रार आणि काम नोंदवणाऱ्या सर्व्हिस सेंटरच्या कागदावर) सही करू नये. ‘ताशी ९० ते १०० दरम्यान स्टिअरिंगला थरथर; ब्रेक दाबल्यावर पेडलमध्ये वेगळे हादरे; पावसानंतर पार्किंग सेन्सरचा सलग खोटा इशारा; अडथळा असताना इशारा उशिरा’ अशी चार वाक्ये आपल्या शब्दांत लिहायला लावावीत, फोरमनला शेजारी बसवून त्याच वेगाने चाचणी घ्यावी आणि तिचा निष्कर्षही कार्डावर घ्यावा. ‘या मॉडेलमध्ये एवढे असतेच’ हे वाक्य तोंडी न ऐकता ईमेलवर मागावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांची तक्रार करता येते, आणि ती आपण राहता किंवा काम करता तिथेही दाखल होऊ शकते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. हा मुद्दा वाहनांच्या तक्रारीत निर्णायक ठरतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळण्यासाठी मूळ उत्पादनातच दोष असल्याचा पुरावा लागतो, आणि आपण सांगितलेल्या अपघाताच्या इतिहासामुळे ते कठीण जाईल, हे मी मोकळेपणाने सांगतो. दुरुस्ती योग्य न झाल्याची तक्रार आपल्याला अधिक बळकट करता येईल.

सेन्सरबाबत आणखी एक मुद्दा. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. त्यामुळे ‘ती तर जादाची सोय आहे’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. एकाच मॉडेलच्या अनेक मालकांना हाच दोष येत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या रिकॉलच्या (सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त करण्याच्या) नियमांनुसार सात वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या गाड्यांची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येते.

उद्यमनगरकर

घाटवाटा, दुभाजकाला घासलेल्या रिमचे वाचून बराच उलगडा झाला. सर्वप्रथम ती उजवी रिम आणि तिच्यावरचा टायर गेज लावून तपासून घ्या. टायरच्या आतल्या बाजूला फुगवटा असेल, तर तो टायर महामार्गावर वापरूच नका, मग बाकीची तपासणी महिनाभर लांबली तरी चालेल. त्याच बाजूचा टाय रॉड एंड आणि लोअर आर्मही डाव्या बाजूशी ताडून पाहायला सांगा. ब्रेकचे काम त्यानंतर स्वतंत्रपणे, हबच्या रनआउटच्या आकड्यासह करून घ्या.

बंपर मात्र रंगकाम झालेल्या ठिकाणीच उतरवायला लावा. विम्यातून झालेल्या कामाचे बिल आणि सर्वेअरचा अहवाल सोबत न्या, कारण सेन्सर त्या वेळी बदलले होते की जुन्यांवरच रंग मारला, हे त्या बिलातल्या पार्टच्या यादीत दिसेल.

घाटवाटा

बिल आत्ताच काढून पाहिले. यादीत बंपर, क्लिपा आणि रंग आहे. सेन्सरचा किंवा रबरी रिंगांचा उल्लेख कुठेही नाही. या आठवड्यात आधी रिम आणि टायरची तपासणी करून घेतो, मग बिल घेऊन बंपरसाठी जातो, आणि रनआउटचे आकडे मिळाले की इथे लिहितो.