बॅटरीचा हिशेब मागितला की लगेच इन्स्पेक्टरराज? (परवाच्या पोस्टला उत्तर)

फीडर_नंबर_सात (धागाकर्ता)

परवा इथे हिंगण्याच्या एका कारखानदारांनी लिहिलं होतं : "बॅटरी माझ्या पैशाची, माझ्या शेडमध्ये. ती कधी भरली, कधी रिकामी झाली याचे आकडे वीज नियामक आयोगाला कशाला? सतरा फॉर्म भरतोच आहोत, हा अठरावा. वर ग्रिडच्या सहाय्यक सेवा म्हणून पैसे पुन्हा आमच्याच बिलातून." खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. मी गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

सहाय्यक सेवा म्हणजे ग्रिडचा तोल सांभाळणं. फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असते, आणि ती ठेवणाऱ्याला कोणाकडे किती शिल्लक आहे हे आधी माहीत लागतं. ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी बघता बघता सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. तरी ग्रिड पडली नाही, कारण कुठलं जलविद्युत केंद्र किती खाली आणता येईल आणि किती मिनिटांत पुन्हा वर घेता येईल याचा हिशेब आधीच मांडलेला होता. उद्या हेच काम बॅटऱ्यांकडे येणार आहे. तेव्हा डिस्पॅच सेंटरमधल्या, म्हणजे ग्रिडच्या कंट्रोल रूममधल्या माणसाने काय, अंगठी फिरवून शिल्लक ओळखायची?

आणि "आमच्या बिलातून" हे सरसकट खरं नाही. केंद्रीय आयोगाचे २०२२ चे नियम वाचा. दुय्यम राखीव सेवेत, म्हणजे सिग्नल येईल तशी वीज कमी-जास्त करण्याच्या कामात, दर ४ सेकंदांनी सिग्नल येतो, ३० सेकंदांत हालचाल सुरू व्हावी लागते, १५ मिनिटांत पूर्ण. ९५ टक्क्यांच्या वर सिग्नल पाळला तर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन, २० टक्क्यांच्या खाली भोपळा. वेळापत्रक मोडणाऱ्यांकडून जे वसूल होतं त्या खात्यातून हे पैसे जातात. आकडेच दिले नाहीत तर भोपळा की ५० पैसे, हे ठरवायचं कोणी?

हिंगणा_उद्योग

मीच तो कारखानदार. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, घाबरत नाही कोणाला.

चार सेकंदांचं मला सांगू नका. माझा पाइपचा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वीज गेली आणि लगेच आली. घरात पंखासुद्धा थांबला नसेल. माझा एक्स्ट्रूडर, प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन, थांबला. बॅरलमध्ये माल गोठला. मग हीटर लावा, स्क्रू ओढून बाहेर काढा, त्याच्या आट्यांमधून जळकं प्लास्टिक पितळी ब्रशने खरवडा. पोरं पहाटेपर्यंत तेच करत होती, एकाच्या मनगटाला चटका बसला. भरपाईचा अर्ज केला तर उत्तर काय? "आमच्या नोंदीनुसार सदर वेळी पुरवठा सुरळीत होता."

ज्यांच्या नोंदीत माझा झटका दिसत नाही त्यांना माझ्या बॅटरीची नोंद पाहिजे. म्हणूनच घेतली ना बॅटरी! आधी स्वतःचा हिशेब द्या, मग माझा मागा.

फीडर_नंबर_सात

वाईट झालं, पण तो झटका ११ केव्हीच्या स्थानिक लाइनवर फांदी टेकल्याचा असणार. त्याचा पारेषणाशी, म्हणजे मोठ्या टॉवरच्या लाइनींशी, आणि आयोगाच्या साठवणुकीच्या आकड्यांशी काय संबंध?

हिंगणा_उद्योग

स्क्रूला विचारून सांगतो.

वऱ्हाडी_तडका

तुम्ही दोघं बॅटरी बॅटरी करून राह्यले, वीज कुठं तयार होते थे सांगा ना आधी. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. राख आमच्या छातीत आन् लाइट मुंबईत. चंद्रपूर ते पडघा साडेसातशे किलोमीटरची डीसी लाइन १९९९ पासून १५०० मेगावॉट घेऊन जाते, मधातल्या एका गावात बल्ब लागत नाही तिच्यावर. वरतून तारा, आन् खाली माह्या मामाच्या वावरातली मोटर रात्री दोन वाजता चालू करा लागते, पायाखाली साप पाहत पाहत. सहाय्यक सेवा म्हणे. मामाला कोण सहाय्य करते?

पुण्यात_नोकरीला

आलं! धागा कुठलाही असो, तिसऱ्या प्रतिसादात राख येतेच. कोळसा तिथे आहे म्हणून संच तिथे आहेत. आणि डीसी लाइनवर मधल्या गावात बल्ब लागणारच नाही, वीज उतरवायला प्रत्येक गावात कन्व्हर्टर स्टेशन बांधणार का? मे महिन्यात ४५ अंशांत नागपूरचे कूलर कोणत्या विजेवर फिरतात तेही सांगा.

वऱ्हाडी_तडका

कन्व्हर्टर काय राहते थे समजते बापा. उंटावरून शेळ्या हाकू नको. कळमेश्वर-काटोलकडे ये एकदा, संत्र्याच्या बागेत रात्री पाणी दे, मंग बोल. १९५३ च्या नागपूर करारापासून आयकून राह्यलो, "तुमचा वाटा देऊ".

पुण्यात_नोकरीला

माझं सासर काटोलचं आहे. पाणी दिलेलं आहे, बॅटरी तोंडात धरून. टॉर्चची.

वऱ्हाडी_तडका

मंग तं तुम्हाले जास्त समजाले पाह्यजे होतं.

सक्करदऱ्याची_सून

वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा काढा ना कोणीतरी.

माझा साधा प्रश्न. छतावर ३ किलोवॉट बसवलं, ७८ हजारांची सबसिडीही मिळाली, तक्रार नाही. पण आता गल्लीत ओळीने सगळ्यांनी बसवलं. दुपारी एकच्या सुमारास इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेज २६० च्या पुढे जातं, लाल दिवा, आणि तो बंद. पाच-दहा मिनिटांनी सुरू, पुन्हा बंद. भर उन्हात माझं पॅनेल बसून, आणि संध्याकाळी मी वीज विकत घेते. कार्यालयात गेले तर म्हणाले इन्व्हर्टर कंपनीला विचारा. कंपनी म्हणते लाइन खराब. मला कोणी हिशेब मागितला तर आनंदाने देईन, निदान कोणाला तरी दिसेल.

एक_निवृत्त

नागपुरात अंबाझरीच्या लोड डिस्पॅचला नोकरी झाली. लिहिणार नव्हतो, पण इथे बराच गोंधळ चालला आहे.

नव्वदच्या दशकात आमच्यासमोरच्या मीटरवर ४८.५ ही काही बातमी नव्हती. कोणीही कितीही ओढावं. रोज फोनवर भांडणं : "तुम्ही कमी करा", "आधी शेजारच्या राज्याला सांगा". जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात एबीटी ही नवी दरपद्धत आली. दर १५ मिनिटांचा मीटर, दिवसाचे ९६ ब्लॉक, फ्रिक्वेन्सी खाली असताना जादा ओढलं की दर चढा. त्यानंतर जी शिस्त आली ती फोनवरच्या विनवण्यांनी आली नव्हती. तेव्हाही आमच्यातले वरिष्ठ म्हणायचे, आपले आकडे दुसऱ्यांना कशाला? अगदी हिंगणावाल्यांचंच वाक्य.

२०२२ च्या केंद्राच्या आदेशात साठवणुकीचं बंधन आहे, म्हणजे एकूण वापरातला ठरावीक वाटा साठवलेल्या विजेचा हवा : २०२३-२४ ला १ टक्का, वाढत वाढत २०२९-३० ला ४ टक्के. वर्षभरात साठवलेल्या विजेतली निदान ८५ टक्के नवीकरणीय असेल तरच ती धरायची. बॅटरी उन्हाने भरली की कोराडीच्या कोळशाने, हे तिच्याकडे बघून कळत नाही. भरतानाचं मीटर लागतं.

पण धागाकर्त्यांनाही एक सांगतो. "शिल्लक किती" हा आकडा तुम्ही समजता तसा मोजलेला नसतो. आज जास्त करून लिथियम आयर्न फॉस्फेट पेशी असतात. त्यांचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं, म्हणून पडद्यावरचे ६० टक्के हा गणिताने काढलेला अंदाज, आणि तो हळूहळू घसरत जातो. कारकुनाने एक्सेलमध्ये भरलेल्या ६० टक्क्यांना मी कंट्रोल रूममध्ये काडीची किंमत दिली नसती. पूर्ण भरून, पूर्ण रिकामी करून किती युनिटं निघाली, ही चाचणी ठरावीक काळाने घ्या आणि तो आकडा मागा. बाकी मीटरवरून थेट येऊ द्या. अठरावा फॉर्म खरोखरच निरुपयोगी आहे.

सक्करदऱ्याच्या ताईंचा विषय इथे फाटा म्हणून आला, माझ्या मते तोच मुख्य आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते व्होल्टेज चढत गेल्यामुळे. लोक फ्रिक्वेन्सीवर बोलतात, व्होल्टेज सांभाळणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि त्याला पैसेही धड मिळत नाहीत.

हिंगणा_उद्योग

साहेब, तुमचा मान ठेवून बोलतो. मीटर तुमचा, मोडेम तुमचा, खर्च तुमचा, तर घ्या आकडे, लागले तर माझ्या चहाचेही घ्या. पण मी ग्रिडला एक युनिट विकत नाही. ज्याला ५० पैसे हवेत त्याने हिशेब द्यावा. मला तुमचे ५० पैसे नकोत.

फीडर_नंबर_सात

विकत नाही हे मान्य. पण घेता तर ना? दुपारच्या स्वस्त दराची वेळ सुरू झाली की हिंगणा आणि बुटीबोरीतल्या सगळ्या बॅटऱ्या एकाच मिनिटाला चार्जिंगला लागणार. ती उडी डिस्पॅचला आधी कळायला नको? २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला ग्रिड पडली तेव्हा कोणी किती ओढतंय यावरूनच रामायण झालं होतं.

हिंगणा_उद्योग

अहो, माझी बॅटरी अर्धा तास मशीन चालवते. तिने उत्तर भारत पाडला असं लिहून टाका एकदाचं.

एक_निवृत्त

यांची एकटी काही करत नाही. सहाय्यक सेवेत भाग घ्यायचा तर केंद्रीय नियमांत किमान १ मेगावॉट लागतो. नोंदीची सक्तीही तिथपासून ठेवा, खालच्यांची फक्त क्षमता एकदा लिहून घ्या. फीडरभाऊ, सगळ्यांना एकच दावण नको.

फीडर_नंबर_सात

ठीक. १ मेगावॉटच्या खाली सोडतो. नाराजीने.

हिंगणा_उद्योग

उपकार झाले.

वऱ्हाडी_तडका

म्हणजे मोठ्याचा हिशेब, लहान्याची सुटका, आन् मामाची मोटर रात्रीच. आमच्या गावात सौर वाहिनीचा बोर्ड लागून राह्यला, दिवसा वीज भेटन म्हणतात. बोर्डाले आठ तास ऊन भेटते सध्या.

पुण्यात_नोकरीला

हे मात्र बरोबर बोललात.

सक्करदऱ्याची_सून

निवृत्त काका, माझ्या लाल दिव्याचं काय करू ते सांगाल का?

एक_निवृत्त

लेखी अर्ज द्या : गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) तपासा आणि कुठल्या फेजवर किती छतं आहेत ते बघा. बहुतेक वेळा सगळ्यांची पॅनेलं एकाच फेजला जोडलेली निघतात. सोबत इन्व्हर्टरच्या पडद्याचे दुपारचे फोटो लावा, वेळ दिसेल असे. तुमचा फेज कोणता?

सक्करदऱ्याची_सून

ते कुठे लिहिलेलं असतं?