गोळ्या चालू असताना भाकरी बंद करावी काय?

प्रश्न (सांगली): वडिलांना मधुमेह असून भाकरी-भात सोडून ते तूप, पनीर, अंडी खातात. आठवड्यातच वजन उतरले. हे चालू ठेवावे काय?

उत्तर १: सुरुवातीला उतरते ते बहुतांशी पाणी, कारण ग्लायकोजेन (शरीरातील कर्बोदकांचा साठा) संपताना त्यासोबत साठलेले पाणीही निघून जाते. रक्तातील साखर मात्र खरोखरच घटते, म्हणूनच इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) यांची मात्रा तीच राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) चालू असल्यास तर साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस (रक्तात किटोन आम्ले साचण्याचा गंभीर विकार) होऊ शकतो. डॉक्टरांना आजच विचारावे.

उत्तर २: अशा आहाराने काहींचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरेच वाढते, लिपिड (रक्तातील चरबीची) तपासणी करून घ्यावी. तुपापेक्षा शेंगदाणे, तीळ बरे.

उत्तर ३: अशा अत्यल्प कर्बोदकांच्या, म्हणजे किटो आहाराची दिवसाला ५० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा दीड भाकरीतच संपते, त्यात आपल्याकडे घरचे बेदाणे मोजतो कोण! एक भाकरी, उसळ आणि भरपूर पालेभाजी हा मध्यम मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो.