घरच्या जिमसाठी आधी रॉड-रॅक घ्यायचा की डंबेल्सच पुरेत?

फोंडेकर:
माझं मत सरळ आहे, घरी ताकद वाढवायची असेल तर पहिला पैसा रॉड, प्लेट्स आणि रॅकवर (रॉड टेकवायची उभी चौकट) घाला, ट्रेडमिल नि मल्टीजिम नंतर बघा. ऑलिंपिक रॉड 20 किलोचा, साधारण 2.2 मीटर लांब, प्लेट बसते ते टोक 50 मिमीचं, आणि बाजारात स्वस्तात मिळतो तो बारीक टोकाचा, त्याच्या प्लेट्स ह्याला चालत नाहीत, म्हणून आधीच ठरवून घ्या. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), प्रेस (रॉड वर ढकलणं), रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं) सगळं एकाच रॉडवर होतं. सवा किलोच्या दोन प्लेट्स लावल्या की अडीच किलो वाढलं, इतकं नेमकं डंबेलमध्ये कुठे मिळतं? फक्त रॅकला सेफ्टी बार, म्हणजे रॉड निसटला तर अडवणारे आडवे दांडे, हवेतच, एकटे असाल तर त्याशिवाय बाकावर झोपून प्रेस मारू नका.

म्हापशाची सून:
तुमचं घर तळमजल्यावर असेल हो! आमचा दुसरा मजला, खोली दहा बाय दहा, सात फुटी रॉडला प्लेट लावायला कडेला जागा कुठे उरणार आणि डेडलिफ्ट खाली टेकवली की खालच्या काकींचं छत हादरणार. घरात सासूबाई 66 वर्षांच्या. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगते मोठ्या माणसांनी आठवड्यात निदान 2 दिवस ताकदीचा व्यायाम करावा, आणि पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचाही व्यायाम 3 दिवस. त्यासाठी रॅक कशाला? खुर्चीवरून उठबस, हातात 5 किलोचं डंबेल, दाराला अडकवलेला ताणायचा रबरी बँड, एवढ्यावर त्यांचा जिना चढणं सोपं झालंय, मी रोज बघते.

फोंडेकर:
सासूबाईंचं ऐकून फार बरं वाटलं. पण बँड जितका ताणाल तितका जड होतो, सुरुवातीला काहीच वजन नाही आणि शेवटी एकदम, मग गेल्या आठवड्यापेक्षा वाढलं की नाही कसं कळणार? आणि पायांना डंबेल्स लवकर हलकी पडतात.

डिचोलीचा:
हलकी पडतात हे मला पटत नाही रे. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर बस, दोन्ही हातात दहा-दहा किलो, खाली येताना सावकाश चार मोज, दहा वेळा कर आणि मग सांग. आपले जोर-बैठकाही तसेच.
आणि आपल्याकडे गोव्यात खरा शत्रू म्हणजे दमट हवा. मी रॉड बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) ठेवला होता, जुलै संपेपर्यंत पकडीच्या खाचांत तांबूस गंज. काळ्या फिनिशचा रॉड तर दमट हवेत लवकर गंजतो, स्टेनलेस किंवा चांगला क्रोमचा घ्या. घाम पुसा, नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करा, मशीनचं तेल थोडंसं लावा. बँडही उन्हात ठेवू नका, रबर चिरतं आणि तोंडावर तुटलं तर डोळा जाईल.

फोंडेकर:
गंजाचं मान्य, माझा आतल्या खोलीत आहे. तरी सासूबाईंसाठी 10 किलोचा हलका रॉडही मिळतो, तो बघा ना.

म्हापशाची सून:
त्यांचा उजवा खांदा मागे जात नाही, रॉड पाठीवर धरताच येणार नाही. डंबेल छातीशी धरून बसणं जमतं. पाच किलोने आता दोनदा बारा-बारा होतात, साडेसातचं आणणार आहे, कुणाकडे जुनं असेल तर सांगा. देव बरें करूं.