२^६१ − १ ने बाकी काढताना % (भागून बाकी देणारी क्रिया) टाळता येईल का?

प्रश्न: स्ट्रिंग हॅशिंगसाठी (अक्षरांच्या ओळीला, म्हणजे स्ट्रिंगला, एक संख्या म्हणजे हॅश देण्यासाठी) प = २^६१ − १ (२३०५८४३००९२१३६९३९५१) घेतला आहे, पण % मुळे प्रोग्राम मंद चालतो. आणि ही संख्या मूळ (अविभाज्य) आहे, हे स्वतः कसं तपासायचं?

उत्तर: भागाकार लागतच नाही. २^६१ ला प ने भागल्यावर बाकी १ येते, म्हणून गुणाकाराचे खालचे ६१ बिट आणि वर उरलेले बिट यांची बेरीज करा. बेरीज प एवढी किंवा त्याहून मोठी असेल तर एकदा प वजा करा. गुणाकार १२२ बिटांपर्यंत जातो, तो १२८ बिटांतच ठेवा. ६४ बिटांत वरचा भाग गळतो आणि एररही येत नाही, हे फार धोक्याचं.

उत्तर: वरच्या उत्तरातलं 'प एवढी' विसरू नका, नाहीतर ० च्या जागी प उरतो आणि सारख्या स्ट्रिंग वेगळ्या दिसतात. बेस (ज्या संख्येच्या घातांनी अक्षरांना गुणतात ती) २ तर नकोच: २ चा ६१ वा घात पुन्हा १, म्हणजे ६१ जागांच्या अंतरावरची दोन अक्षरं अदलाबदल केली तरी हॅश तोच! बेस यादृच्छिक घ्या.

उत्तर: मूळपणासाठी लुकास-लेमर ही चाचणी (२^न − १ अशा संख्यांसाठीची) वापरा. ४ पासून सुरू करा; वर्ग, वजा २, प ने बाकी, असं ५९ वेळा. शेवटी ० यायला हवा. रशियन गणिती पेर्वुशिन यांनी १८८३ मध्येच, संगणकाशिवाय, ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं होतं.