बैलाच्या शिंगांभोवती पांढरी किनार कशाला?

काळीमाती (यवतमाळ):
पोळ्याचे फोटो पाहतोय. शिंगांभोवती पांढरी रेघ, झुलीचा धागा न् धागा टोचणारा, आभाळात खरखरीत दाणे. सगळं शार्पनिंगने, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फोटो धारदार केल्याने. त्याने नवा तपशील येत नाही. कडेची गडद बाजू अधिक गडद, उजळ बाजू अधिक उजळ होते, एवढंच. घरच्या लग्नात आजीचा फोटो असाच केला, सुरकुत्या करवतीच्या दात्यांसारख्या. भिंतीवर लावायला कुणी तयार नाही. शटर वेगात ठेवा, फोकस डोळ्यावर घ्या, स्लायडरला हात लावू नका.

धानपट्टा (गोंदिया):
अजिबात पटलं नाही. तुम्ही जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होणारी फाइल, काढत असाल तर कॅमेरा आतल्या आत शार्पनिंग करूनच फोटो देतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, ते नसतं. सेन्सरचा एक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून भरतात. त्यात बारकावा मऊ पडतो. पहाटे धानाच्या बांधीतला सारस टिपला आणि रॉ तसाच ठेवला, तर पाठीची राखाडी पिसं एकमेकांत मिसळून जातात. आणि ही संगणकाची लबाडीही नाही. अनशार्प मास्क ही शार्पनिंगची रीत फिल्म धुण्याच्या डार्करूममधली आहे: निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह ठेवून छापायचे.

काळीमाती:
जेपेगचं मान्य, ते मी धरलं नव्हतं. पण पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर दाणेही धारदार होतात, त्याचं काय?

धानपट्टा:
लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) अल्ट कळ दाबून मास्किंगचा स्लायडर ओढा. पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं. धुकं आणि पाणी काळं होईस्तोवर ओढायचं.

संत्राबाग (वरुड):
राजेहो, दोघंही स्क्रीनवरच पाहून राहिले. मी लग्नाचे अल्बम करतो. मॅट कागदात शाई पसरते, म्हणून छपाईला थोडं जास्त द्यावंच लागते. मोबाइलसाठी आधी आकार लहान करायचा, मग शार्पनिंग. छपाईची फाइल मोबाइलवर पाठवली की किनार दिसलीच समजा. आजीबाईंच्या फोटोत मात्र चूक करणाऱ्याची आहे. डोळे, नथ, लुगड्याचे काठ एवढ्यावरच ब्रश फिरवावा, गालाला हात लावू नये.

काळीमाती:
तो फोटो आता सुधारेल का? आजी राहिली नाही.

संत्राबाग:
जेपेगात बसलेली किनार नीट निघत नाही. फोटो काढणाऱ्याकडे रॉ आहे का ते विचारा, आजच. कार्ड, डिस्क रिकामी करतात लोक.

काळीमाती:
उद्या सकाळीच जातो. बैलांच्या फोटोंबद्दल मत तेच आहे.